देहाचा ताळेबंद

तराजूंत बसावें तें धान्यानें. परंतु इटलींतील पादुआ येथील वैद्य सांतोरिओ हा स्वतःच तराजूंत जाऊन बसला. दांडीस टांगलेल्या आसनावर बसून तो जेवी, आणि देहांत गेलेलें व देहाबाहेर पडलेलें सर्व तोलून पाही. १६१४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें लिहिलें, कीं आठ रत्तल अन्नपाणी घेतलें तर त्यांतील पांच रत्तल अदृश्य रूपानेंच निघून जातें.

पुढें १७८३ सालीं फ्रान्समध्यें लाव्हाझिए व लाप्लास यांनीं, प्राण्याच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतें हें मोजून, श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच होय असें दाखविलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत ॲटवॉटर यानें बंद खोलींत माणसें ठेवून ऊर्जेचा जमाखर्च जुळविला.

हिशेब जुळल्यावर भाकिताचा मोह होणारच. १९५८ सालीं मॅक्स विश्नॉफ्स्की यांनीं एक रत्तल वजनाची किंमत ३५०० उष्मांक ठरविली. हा भागाकार घरोघर पोंचला: रोज १०० उष्मांक कमी खावे, वर्षांत दहा रत्तल उतरावे. याच रीतीनें पुढें गेल्यास दहा वर्षांत शंभर रत्तल, आणि सोळा वर्षांत १६० रत्तलांचा मनुष्यच उरत नाहीं!

दोष भागाकारांत नव्हता. देहाचा खर्च कायम राहतो, या गृहीतांत होता. वास्तविक १९४४-४५ सालींच मिनेसोटा येथें ॲन्सेल कीज यांनीं, युद्धांत उपासमार झालेल्यांस पुन्हां कसें पोसावें हें कळावें म्हणून, ३६ स्वयंसेवकांस २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें होतें. त्यांचें वजन सुमारें चौथ्या हिश्शानें घटलें, आणि विश्रांतींतील देहाचा खर्च त्याहूनहि अधिक प्रमाणांत घटला. प्राप्ति आटली कीं शहाणा गृहस्थ हात आंखडतो, तसाच देहहि.

हा बदलता खर्च केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं समीकरणांत मांडला. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबानें, स्थूल प्रौढानें रोज १० उष्मांक कायमचे कमी केले तर अखेरीस सुमारें एक रत्तल उतरतें. त्यांतील निम्में एका वर्षांत आणि बहुतेक सर्व तीन वर्षांत. म्हणजे १०० उष्मांकांस एकंदर दहाच रत्तल, आणि पहिल्या वर्षीं पांच.

जुन्या नियमानें पांच रत्तलांवर अडलेल्या मनुष्यावर चोरून खाल्ल्याचा आळ येई. आतां गणितच त्याच्या बाजूनें साक्ष देतें. मात्र तेंच गणित असेंहि बजावतें, कीं पूर्वीचा आहार परतला म्हणजे पूर्वीचें वजनहि परततें.