दंतशूलाची कारणमीमांसा आणि रूट कॅनाल उपचार : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठीत दात ‘किडतो’. दाताला कीड लागली असे म्हणताना आज कोणाच्याही मनात प्रत्यक्ष किडा नसतो. परंतु हा शब्दप्रयोग ज्या समजुतीशी जोडलेला आहे, ती समजूत जगातील अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. दंतशूलावरील उपचारांचा इतिहास हा मुख्यतः या वेदनेच्या कारणाविषयीच्या कल्पनांचा इतिहास आहे. कारण जेथे मानले गेले तेथे उपचार झाला आणि दात राखायचा की काढायचा हेही त्यावरच ठरत गेले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेतला असून, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका अपुऱ्या सिद्धांतामुळे वाचू शकणारे दातही कसे काढले गेले, याकडे विशेष लक्ष वेधले आहे.

कृमीची कल्पना

ब्रिटिश म्युझियममधील एका बॅबिलोनियन मृत्तिकापट्टिकेवर दंतशूल घालविण्याचा मंत्र कोरलेला आहे. त्यातील कथेनुसार किडा देवांकडे अन्न मागतो आणि देऊ केलेली फळे नाकारून दात व हिरडी यांच्यामधील जागा मागून घेतो. भारतात सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ या रोगाचा समावेश आहे. काळे छिद्र, दात हलणे, स्राव, सूज आणि कारणाशिवाय उठणारी तीव्र कळ ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. वाग्भटाने अष्टांगहृदयात हलणारा दात काढण्यास सांगितले. मात्र न हलणाऱ्या दाताचे छिद्र गूळ किंवा मेणाने भरून डागण्याचा उपाय दिला. निदान कृमीचे असले तरी दात राखण्याचा विचार येथे स्पष्ट दिसतो.

लोकवैद्यकात धुरीचा उपाय सर्वत्र रूढ होता. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रिंगणीच्या बियांची, तर युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी दिली जाई. उष्णतेने बियांतून बाहेर पडणारे अंकुर किड्यांसारखे दिसत आणि रुग्णाला कीड पडल्याची खात्री पटे. फ्रेंच दंतवैद्य पियरे फोशार्ड यांनी इ. स. १७२८ मधील आपल्या ग्रंथात या कल्पनेला छेद दिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही त्यांना दातात किडा आढळला नाही.

वेदनेचे शारीर कारण

दाताच्या बाहेरील एनॅमलखाली डेन्टिन आणि त्याच्या आत दंतमज्जा असते. बोलीभाषेत हिलाच ‘नस’ म्हणतात. हिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असून त्या मुळाच्या टोकातील सूक्ष्म छिद्रातून आत येतात. जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे दाताचे कठीण थर झिजतात आणि दाह मज्जेपर्यंत पोहोचतो. शरीरात अन्यत्र दाह झाल्यास सूज येण्यास जागा असते. येथे सभोवती कठीण भिंती असल्याने दाब वाढतो व ठणका लागतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढतो, म्हणून रात्री तो अधिक जाणवतो. पुढे मज्जा मृत झाली की कळ अनेकदा अचानक थांबते. रुग्णाला दात बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात संसर्ग मुळाच्या टोकाकडील हाडात सरकत असतो.

उपचारतंत्राचा विकास

एकोणिसाव्या शतकात मृत किंवा रोगग्रस्त मज्जा काढून मुळातील पोकळी भरण्याचे तंत्र अमेरिकेत आकारास आले. एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ मध्ये घड्याळाची स्प्रिंग घासून मुळातील मज्जा काढण्याचे बारीक हत्यार बनविले. सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये लाळ दूर ठेवणारा रबराचा पडदा वापरात आणला. १८६७ मध्ये बोमन यांनी पोकळी भरण्यासाठी गटापर्चा वापरला. मलाया प्रदेशातील वृक्षाच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ त्या काळी समुद्राखालील तारांच्या वेष्टनासाठी प्रसिद्ध होता. १८७० मध्ये मुंबईला सुएझमार्गे ब्रिटनशी जोडणाऱ्या तारेवरही त्याचेच वेष्टन होते. पुढे १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि मुळाचे टोक प्रथमच दृष्टीस पडू लागले. बर्लिन येथे संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर यांनी १८९० च्या ग्रंथात मुखातील जिवाणू व दंतक्षय यांचा संबंध मांडला.

सिद्धांताचा अतिरेक

जिवाणूंच्या या ज्ञानातूनच पुढील अनर्थ घडला. ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी १९१० मध्ये माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात, संसर्ग झालेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या व ब्रिज बसविण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली. त्यांचा मूळ रोख अस्वच्छ व निकृष्ट दंतकामावर होता. परंतु संधिवातापासून मनोविकारापर्यंत अनेक रोगांचे मूळ दातातील लपलेल्या संसर्गात आहे, हा ‘केंद्रीय संसर्ग’ सिद्धांत वेगाने पसरला. वेस्टन प्राइस यांच्या १९२३ मधील ग्रंथाने त्याला बळ दिले. मज्जारहित दात म्हणजे धोका, असे मानून असंख्य रुग्णांचे दात काढण्यात आले. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. रूट कॅनाल उपचार बदनाम झाला. मात्र दात न काढलेल्या तुल्य रुग्णांशी तुलना करण्याची दक्षता फारशी घेतली गेली नाही.

पुनर्स्थापना

ही तुलना होऊ लागताच सिद्धांत डळमळला. एकेकाळी त्याचेच समर्थक असलेले रसेल सेसिल यांनी मरे अँजेव्हिन यांच्यासह १९३८ मध्ये संधिवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दात वा टॉन्सिल काढण्याचा अपेक्षित लाभ त्यात दिसला नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत या उपचारातील तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९६३ मध्ये तेथे या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली. १९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी निर्णायक प्रयोग मांडला. सामान्य उंदरांची मज्जा उघडी केल्यावर ती मृत झाली. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये मात्र जखमेवर नवे कठीण आवरण तयार झाले. दोष मज्जारहित दाताचा नसून जिवाणूंचा होता. म्हणून मुळातील पोकळी स्वच्छ, निर्जंतुक व बंद करणे हेच उपचाराचे सूत्र ठरले.

भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंतमहाविद्यालय सुरू केले आणि १९४८ मध्ये दंतवैद्यक अधिनियम संमत झाला. या व्यवस्थेमुळे दात राखण्याचे शास्त्र भारतीय दंतशिक्षणाचा भाग बनू शकले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. कृमीची कल्पना चुकीची असूनही वाग्भटाने स्थिर दात राखला. जिवाणूंचे ज्ञान खरे असूनही विसाव्या शतकातील वैद्यांनी असे दात काढले. केवळ खरे ज्ञान पुरेसे नसते. त्याच्या मर्यादा तपासणारी तुलनाही आवश्यक असते. दुसरे असे की, वेदना थांबणे आणि रोग बरा होणे या भिन्न गोष्टी आहेत. मुखाचे आरोग्य व अन्य रोग यांच्या संबंधावर आजही संशोधन होत आहे. दोन रोग एकत्र आढळले म्हणजे एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही, हा या इतिहासाचा धडा त्यासाठी मार्गदर्शक ठरावा.