करवीरचा समुद्र

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या पुतणीने जेवणाच्या टेबलावर जगाचा नकाशा पसरला. तिला दहा दिवसांची रजा मिळाली होती आणि प्रशांत महासागराच्या काठी, कोस्टारिकात, स्कूबा डायव्हिंगला जायचे होते. कोल्हापूरहून मुंबई, पुढे दोन-तीन विमाने, तेवढाच परतीचा प्रवास. दहापैकी चार दिवस वाटेतच जात होते. “काका, आपल्याकडे समुद्र नाही, म्हणून एवढं लांब जायचं,” ती म्हणाली. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. ते वाक्य मला लागले. कोल्हापूरला समुद्र होता, आणि तो कोणत्या दिवशी गेला हेही सांगता येते: 1 ऑक्टोबर 1812.

वारणेच्या तहाने (1731) सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या, तेव्हा कोकणातला साळशीच्या दक्षिणेचा भाग कोल्हापूरकडे आला. त्यातले सर्वांत मोलाचे ठिकाण म्हणजे मालवण आणि समोरच्या कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. शिवछत्रपतींनी 1664 ते 1667 या काळात बांधून घेतलेला हा किल्ला आपण तटाच्या लांबीने आणि उंचीने मोजतो. 1880 साली छापलेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरने मात्र मालवणचे वर्णन पाण्यापासून सुरू केले आहे. हा उपसागर खडकांच्या रांगांनी जवळजवळ पूर्ण अडवलेला आहे, असे ते सांगते. मला ही दृष्टी अधिक खरी वाटते. या किल्ल्याचा पहिला तट पाण्याखाली आहे. खडकांमधली वाट ज्याला ठाऊक, त्याचेच गलबत आत येणार. ती वाट कागदावर नव्हती, इथल्या गाबीत तांडेलांच्या डोक्यात होती.

तरीही 1765 मध्ये इंग्रज आत आले. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. मालवणच्या चाच्यांचा बंदोबस्त, हे कारण सांगितले गेले. ‘चाचे’ हा शब्द जपून वापरावा. दस्तक न घेता आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला अडवणे हा त्या काळी किनाऱ्यावरच्या प्रत्येक सत्तेचा व्यवहार होता; पोर्तुगीजांनी तो आपल्या आधी सुरू केला होता. पण मालवणची सगळीच लूट दस्तकाच्या हिशेबात बसवता येईल, असेही मी म्हणणार नाही. किल्ला ठेवणे परवडेना आणि पाडणेही जमेना, म्हणून इंग्रजांनी तो पावणेचार लाखांहून अधिक रुपये ठरवून कोल्हापूरला परत केला. त्या वेळी गादीवर दत्तक शिवाजी महाराज होते, वयाने लहान. कारभार जिजाबाईंच्या हाती होता.

हेच शिवाजी महाराज 1812 मध्ये वृद्ध झाले होते. पेशव्यांकडून राज्याला असलेल्या धोक्यापासून संरक्षण हवे होते, आणि त्याची किंमत इंग्रजांनी समुद्रात मागितली. सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट हे चार किल्ले मालवण बंदरासह गेले. चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सोडावा लागला. शिवाय राज्याने सशस्त्र जहाजे बाळगू नयेत आणि संकटातल्या जहाजांना मदत करावी, असे ठरले. पुढच्याच वर्षी महाराज वारले. एका छत्रपतींच्या कारकिर्दीत किल्ला एकदा गेला, परत आला आणि कायमचा गेला. मी पस्तीस वर्षे हा तह वर्गात शिकवला तो एका ओळीत: ‘कोल्हापूरने इंग्रजांचे संरक्षण स्वीकारले.’ काय दिले, हे माझ्या मुलांना मी कधी सांगितलेच नाही. मग माझ्या घरातल्या मुलीला आपल्याकडे समुद्र नाही असे वाटले, तर दोष कुणाचा?

कोस्टारिकाचा नकाशा बाजूला झाला आणि जिल्ह्याचा आला. बेत आखताना माझ्या इतिहासापेक्षा तिचे प्रश्न नेमके होते. दिवाळीच्या सुमारास पावसाळ्याचा गाळ पुरता बसलेला नसतो. पाणी निवळते ते डिसेंबर-जानेवारीत. म्हणून रजा पुढे ढकलली. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे पोहण्याच्या तलावात सराव करता येतो. दमा आहे का, कानाचे दुखणे आहे का, हे आधी लिहून द्यावे लागते. माझा बेत कानापाशीच संपला.

जायची वाट राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. परतीबद्दल तिने एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून बुडी मारल्यावर लगेच उंचावर जायचे नसते. विमानासाठी बारा ते अठरा तास थांबायला सांगतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरांवर, घाटमाथा त्याहून वर. नवशिक्यांची बुडी उथळ असते, तिथे धोका थोडा. तरी तिने मालवणात एक रात्र वाढवली.

बोटीवरचा पोरगा मच्छीमार घरातला होता. कुठला खडक कुठे, हे तो पाण्याच्या रंगावरून सांगत होता. 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे 29 चौरस किलोमीटरचे. मासेमारीवर बंधने येतील म्हणून गावाने विरोध केला होता. तोच किनारा आता प्रवाळ दाखवून काही महिने पोट भरतो. पुतणीच्या कमरेला त्याने शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला, तेव्हा मला सिंधुदुर्गाच्या पायाची आठवण झाली. पायाचे दगड शिसे ओतून बसवले, असे सांगतात. माणूस असो की तट, समुद्रात टिकायला शिसे लागते, असे मी त्या पोराला म्हणालो. तो हसला आणि दोर सैल केला.

ती वर आली तेव्हा ओठ निळसर पडले होते, पण बोलणे थांबत नव्हते. प्रवाळ, पट्टेरी माशांचे थवे हे सगळे सांगून झाल्यावर म्हणाली, “काका, खाली खडकांच्या भिंती आहेत. मधून अरुंद गल्ल्या. वाट माहीत नसेल तर माणूससुद्धा घासतो.”

त्या रात्री मुक्कामाच्या घरात तिला मी तहातली चारही किल्ल्यांची नावे सांगितली. राजकोट आणि पद्मगड तिने सकाळी किनाऱ्यावरून पाहिले. सर्जेकोट राहिला, तो आम्ही निघताना वाट वाकडी करून पाहिला. फोंडा घाट चढायला लागलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कोस्टारिकाचा बेत अजून रद्द झालेला नाही. फक्त त्याआधी फेब्रुवारीत निवतीला जायचे ठरले आहे.