भूकंपमापन केंद्र, तात्पुरते
भूकंपमापन केंद्र, तात्पुरते : मोठा भूकंप झाल्यावर किंवा एखाद्या भागात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाल्यावर त्या परिसरात काही आठवडे वा महिने चालविण्यासाठी उभारलेले केंद्र. कायम वेधशाळा पुष्कळदा शंभर किमी.हून दूर असतात. लहान धक्के त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि पोहोचले, तरी त्यांची खोली बहुधा गृहीतच धरावी लागते. भूकंपाची नाभी जितकी खोल असेल, साधारणपणे तितक्याच अंतराच्या आत एक तरी केंद्र असल्याशिवाय खोली भरवशाने काढता येत नाही. दख्खनच्या पठारावरील भूकंप उथळ असल्यामुळे उपकरणे डोंगरकपारीत व आडगावी नेण्यावाचून गत्यंतर नसते.

महाराष्ट्रात ही गरज कोयनेमुळे प्रकर्षाने पुढे आली. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरू लागताच परिसरात धक्के जाणवू लागले. त्यानंतर पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने जलाशयाभोवती भूकंपलेखक बसविले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६·३ प्रतीचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे दगावली, तेव्हा ही उपकरणे चालू होती. खुद्द धरणातील प्रवेगलेखकाने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट प्रवेग नोंदविला. तथापि धरण बांधण्यापूर्वी तेथे एकही भूकंपलेखक नव्हता. त्यामुळे ‘हा भाग पूर्वी शांत होता’ हे विधान लोकांच्या आठवणींवरच विसंबून राहिले. जलाशय व भूकंप यांचा संबंध आज बहुतेक तज्ञांना मान्य आहे; पण त्याविषयीचा वाद इतका लांबला, यात या उणिवेचा वाटा मोठा होता. दोनतीन वर्षांची आधीची नोंद असती, तर पुष्कळसा तर्क टळला असता.

केंद्रासाठी जागा निवडणे हे कामाचे अर्धे यश होय. काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. म्हणून उघडा, न झिजलेला बेसाल्ट शोधून त्यावर संवेदक ठेवतात. मोठी झाडे वाऱ्याने हलली, की त्यांच्या मुळांतून जमीन कंप पावते. विहिरीवरील पंप, रस्ता आणि ओढा हेही टाळावे लागतात. म्हणजे चांगली जागा ही बहुधा वस्तीपासून दूर, वीज नसलेली व राखणीला अवघड अशीच असते. सह्याद्रीत पावसाळ्यात संवेदकाचा खड्डा कोरडा ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. १९७० नंतरच्या काळात बॅटरीवर चालणारी, काजळी धरलेल्या कागदावर सुईने रेघ ओढणारी सुवाह्य उपकरणे प्रचारात होती. कागद रोज बदलावा लागे, आणि काजळी पुसली जाऊ नये म्हणून त्यावर लाखेचे पातळ द्रावण चढवीत.

सर्वांत नाजूक बाब वेळेची. प्राथमिक तरंग खडकातून सेकंदाला सुमारे ६ किमी. वेगाने जातात; त्यामुळे घड्याळ एक सेकंद चुकले, तरी नाभीचे स्थान काही किमी.ने ढळू शकते. म्हणून राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या रेडिओवरील कालसंकेतांशी घड्याळ ताडून पाहत. पुढे उपग्रहांवरून मिळणाऱ्या वेळेमुळे ही चिंता बरीच मिटली.

किल्लारी परिसरात १९९२ च्या पावसाळ्यापासून धक्के जाणवत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांपैकी एक सुमारे ४ प्रतीचा होता. हा प्रदेश त्या वेळच्या भूकंपविभागणीत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत असे, आणि दाट स्थानिक जाळे काही उभारले गेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात आठ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आणि जर्मनीतील पॉट्सडॅमहून आलेल्या पथकाने तेथे केंद्रे मांडली. अनुधक्के बहुतांशी १० किमी.पेक्षा कमी खोलीवर होत असल्याचे त्यांवरून निश्चित झाले. पूर्वधक्क्यांविषयी मात्र इतक्या नेमकेपणाने काही सांगता येत नाही. जाळे असते तर इशारा देता आला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण हलणारा प्रस्तरभंग कोणता, हे कदाचित आधी कळले असते.

नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर एका शतकानंतर, नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा ती चालू असतानाच याच संस्थेने तेथे केंद्रे उभारली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथे ४·१ प्रतीचा धक्का बसला. तो नोंदविताना उपकरणे जागेवर होती.