साहेबांच्या मागे उभा असलेला माणूस
पोलीस जोडीच्या चित्रपटांच्या अभ्यासाला प्रस्तावना

पोलिसांच्या जोडीचा चित्रपट म्हटले की एक ठरलेला साचा आठवतो. एक तापट, दुसरा थंड डोक्याचा. सुरुवातीला दोघांचे अजिबात पटत नाही, मग एखाद्या चकमकीत एकजण दुसऱ्याचा जीव वाचवतो आणि शेवटाला दोघे एकमेकांसाठी जिवावर उदार होतात. हॉलिवूडमध्ये हा साचा १९८७ च्या ‘लेथल वेपन’ने घट्ट केला, पण त्याची मुळे जुनी आहेत. अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’मध्ये (१९४९) ऐन उन्हाळ्यात टोकियोतल्या एका तरुण पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते आणि ते शोधायला त्याच्याबरोबर वयाने मोठा, मुरलेला अधिकारी निघतो. १९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहान गावात काळा डिटेक्टिव्ह आणि गोरा पोलीसप्रमुख एकाच खुनाचा तपास करतात. जोडी जमवायची तर दोघांमधले अंतर आधी ठरवावे लागते. कुठे ते वयाचे असते, कुठे वर्णाचे, कुठे नुसते स्वभावाचे.

आपल्याकडे ते अंतर बहुतेक वेळा हुद्द्याचे असते. आपल्या पडद्यावरच्या जोडीत एकजण ‘साहेब’ असतो आणि दुसरा त्याच्या मागे दोन पावलांवर उभा असतो. साहेबाला नाव, भूतकाळ, प्रेमप्रकरण आणि शेवटची मारामारी मिळते; मागच्याला ‘हो साहेब’ एवढे दोन शब्द मिळतात. या विषयात पाऊल टाकणाऱ्या वाचकाकडे माझे एकच मागणे आहे. चित्रपट पाहताना नजर त्या मागच्या माणसावर ठेवा. दिग्दर्शकाने त्याच्याशी काय केले आहे, यावरून तो चित्रपट पोलिसांबद्दल आणि आपल्या समाजाबद्दल किती खरे बोलतो ते कळते.

ही प्रस्तावना भंडारदऱ्यात लिहिली आहे, त्यालाही कारण आहे. १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर बांधलेले विल्सन धरण सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या जलाशयाला आज राघोजी भांगरे यांचे नाव आहे, आणि त्या नावामागे पोलिसांचीच एक गोष्ट आहे. पेशवाई गेल्यावर या डोंगरात इंग्रजांची सत्ता आली, पण घाटवाटा, पाणवठे आणि लपायच्या जागा त्यांना माहीत नव्हत्या. त्या माहीत होत्या महादेव कोळ्यांच्या नाईकांना. राघोजींचे वडील रामजी भांगरे पोलिसांत जमादार होते. याच घरातल्या राघोजींनी १८४० च्या दशकात सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध बंड उभारले. ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. पुढे १८५७ च्या धामधुमीत त्याच सरकारला पुन्हा याच डोंगरातली माणसे लागली. नटॉल या इंग्रज अधिकाऱ्याने कोळ्यांची एक तुकडी उभी केली, तिचे म्होरकेपण जावजी नाईक बांबळे यांच्याकडे होते. १८६१ मध्ये गरज सरली तशी तुकडी मोडली. थोडे लोक पोलिसांत गेले, बाकीचे पुन्हा शेतीच्या कामाला लागले.

हुकूम एकाचा आणि वाट दुसऱ्याच्या पायाखालची, ही मांडणी तेव्हाची आहे. पोलीस खात्याच्या रचनेत ती आजही दिसते. शिपायांची भरती जिल्ह्यात होते आणि त्यांची बहुतेक नोकरीही त्याच जिल्ह्यात जाते. फौजदार राज्यभरातून निवडून येतो, अधीक्षक देशभरातून, आणि दोघेही बदलीवर दुसरीकडे जातात. गावातल्या भावकीचे जुने वाद, कोणाचा पोरगा कुठे बसतो, कोणता खबरी खरे बोलतो, हे शिपायाला आणि हवालदाराला माहीत असते. सही मात्र साहेबाची असते. माहिती आणि अधिकार यांची ही फाळणी समजली की आपल्या चित्रपटांतली जोडी वेगळी दिसू लागते.

सुरुवात ‘अर्धसत्य’पासून करावी. गोविंद निहलानींचा हा १९८३ चा चित्रपट एस. डी. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. अनंत वेलणकर हा फौजदार ओम पुरींनी केला, आणि रामा शेट्टी या गुंडाच्या भूमिकेत आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकर असे उभे राहिले की आवाज न चढवता त्यांनी अख्खा पडदा व्यापला. सगळी चर्चा या दोघांभोवती होते. मी मात्र नव्या वाचकाला सांगेन की शफी इनामदारांचा इन्स्पेक्टर हैदर अली नीट पाहा. तो वेलणकरपेक्षा वरिष्ठ आहे, त्याच्यावर जीव लावणारा आहे, आणि खात्यात टिकायचे कसे हे त्याला पक्के ठाऊक आहे. वेलणकरवर कारवाई ओढवते तेव्हा वरच्या ओळखीतून ती निस्तरायची वाट हैदर अलीच दाखवतो. हे करताना त्याच्या चेहऱ्यावर ना लाज, ना मिजास. घरातला मोठा भाऊ धाकट्याला व्यवहार शिकवतो तसा तो बोलतो. मित्राने मित्राला वाचवले, आणि त्या वाचवण्यातच वेलणकर आतून खचला. दुसऱ्या बाजूला नसीरुद्दीन शाह यांचा लोबो आहे, खात्याने बाहेर टाकलेला, दारूत बुडालेला. वेलणकरपुढे दोन सोबती आहेत आणि दोन भविष्ये. एकाने जुळवून घेतले, दुसरा संपला. जोडीच्या चित्रपटात सोबत्याचे प्रेमही माणसाला भ्रष्ट करू शकते, हे इतक्या शांतपणे सांगणारी दुसरी कलाकृती मला आपल्याकडे सापडलेली नाही.

तो काळही ध्यानात घ्यावा. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या शिपायांनी आंदोलन केले, त्यांच्या संघटनेची मान्यता गेली, शहरात लष्कर बोलवावे लागले. मागे उभे राहणाऱ्या माणसाने एकदा पुढे येऊन तोंड उघडले, त्याची ही नोंद आहे. चित्रपटात ते आंदोलन नाही, पण खात्यातली घुसमट आहे. त्याआधीचे, १९७२ चे देसाईगंज पोलीस ठाण्यातले प्रकरणही अभ्यासकाने टाळू नये. एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला, आरोपी एक हवालदार आणि एक शिपाई. सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलिसांची जोडी म्हणजे नेहमीच मैत्री नव्हे. एकाचे कृत्य आणि दुसऱ्याचे गप्प राहणे, हीसुद्धा जोडीच असते. कोठडीतल्या मारहाणीच्या प्रसंगात कॅमेरा मारणाऱ्यावर असतो. आपण दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाकडे पाहायला शिकले पाहिजे.

यानंतर ‘सेक्रेड गेम्स’चा काटेकर. विक्रम चंद्रांच्या कादंबरीवरची ही मालिका २०१८ मध्ये आली आणि जितेंद्र जोशींनी त्यात शिपाई कसा करावा याचा धडाच घालून दिला. सरताज सिंग हा त्याचा साहेब घटस्फोटित, एकटा, रिकाम्या घरात परतणारा. काटेकरला घर आहे, बायको शालिनी आहे, मुले आहेत. मालिका आपल्याला त्या घरात नेते, म्हणून काटेकर मारला जातो तेव्हा प्रेक्षक सुन्न होतो. एरवी हवालदाराचे मरण नायकाला सूड घ्यायला निमित्त म्हणून येते आणि पुढच्या प्रसंगात विसरले जाते. इथे शालिनीच्या दुःखाला स्वतंत्र जागा आहे आणि सरताजला तिच्यासमोर उभे राहावे लागते.

बाकी परंपरा विस्तीर्ण आहे, तिची थोडक्यात ओळख करून देतो. ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) इन्स्पेक्टर महेश आणि बाहुलीवाला लक्ष्या ही जोडी आहे, पोलिसाच्या जोडीला साधा नागरिक आला की हुद्दा गळतो आणि विनोद जन्मतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सी.आय.डी.’त दया आणि अभिजीत बरोबरीचे, आणि वर शिवाजी साटमांचा प्रद्युम्न वडिलांच्या जागी. घराघरांत पोहोचलेली ही मैत्री म्हणूनच ठाण्यापेक्षा कुटुंबासारखी वाटते. ‘अब तक छप्पन’मध्ये (२००४) नाना पाटेकरांचा साधू आगाशे नव्या पोराला चकमकीचे काम शिकवतो, तिथे गुरुशिष्याचे नातेच प्रेक्षकाला अस्वस्थ करते. अभिजित पानसे यांच्या ‘रेगे’मध्ये (२०१४) महेश मांजरेकर आणि पुष्कर श्रोत्री यांचे चकमकफेम अधिकारी आहेत आणि त्यांच्या कचाट्यात एक कॉलेजचा मुलगा. ‘सोनी’ने (२०१८) दिल्लीतल्या दोन पोलीस स्त्रिया आणल्या, एक उपनिरीक्षक आणि एक तिची आयपीएस वरिष्ठ, मैत्री आहे, तरी पगार, घर आणि खात्यातली पत वेगवेगळी. ‘पाताल लोक’ने तर हुद्दाच उलटा केला. २०२० च्या पहिल्या पर्वात हाताखाली असलेला अन्सारी २०२५ च्या दुसऱ्या पर्वात आयपीएस होऊन येतो आणि हाथीराम चौधरी आहे तिथेच इन्स्पेक्टर राहतो. पूर्वीच्या साहेबाने आता सलाम कसा करायचा, हा अवघडलेपणा मालिकेने मनापासून हाताळला आहे.

हे सगळे पाहताना काही साधे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. जीप कोण चालवतो आणि मागे कोण बसतो? पंचनामा कोण लिहितो, श्रेय कोणाला मिळते? कोणाला नावाने हाक मारतात आणि कोणाला नुसते आडनावाने? दोघे एकत्र जेवतात का, आणि जेवले तर डबा कोणाच्या घरचा असतो? रात्रपाळी संपल्यावर कॅमेरा कोणाबरोबर घरी जातो? कोण मरते, आणि चित्रपट त्याच्यासाठी किती वेळ थांबतो? या प्रश्नांना सिद्धांताची जड भाषा लागत नाही, चित्रपट दुसऱ्यांदा पाहायची चिकाटी लागते.

या विषयात खूप काम बाकी आहे आणि म्हणूनच नव्या माणसांना इथे भरपूर जागा आहे. आपला पोलीसपट अजून मुंबई-पुण्यातून फारसा बाहेर पडलेला नाही. राजूर ठाण्याच्या हद्दीत काजव्यांच्या दिवसांत रात्रभर गाड्या अडवणारे, पावसाळ्यात रंधा धबधब्यावर पर्यटकांना मागे सारणारे, कळसूबाईच्या वाटेवर चुकलेल्यांना शोधायला जाणारे दोन पोलीस कोणत्याही मोठ्या चित्रपटाचे नायक होऊ शकतात. अशा ठाण्यात गोळीबार वर्षानुवर्षे होत नसेल, पण माहिती एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे ही जुनी गाठ तिथे रोज पडते. मारधाडीच्या चित्रपटालाही खरे बळ याच गाठीतून मिळते.

चित्रपटाच्या विद्यार्थ्यांचे इथे स्वागत आहे, कायद्याच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांचेही. पण सर्वांत आधी स्वागत आहे ते पोलीस लाइनीत वाढलेल्या मुलामुलींचे. बंदोबस्तामुळे हुकलेली दिवाळी, वडिलांची अचानक आलेली बदली, साहेबांचा फोन आला की ताटावरून उठणारा माणूस, हे त्यांनी घरात पाहिले आहे. त्यांनी ‘अर्धसत्य’ पाहावा, ‘सेक्रेड गेम्स’ पाहावी, घरातल्या निवृत्त शिपायाला शेजारी बसवून पाहावी, आणि कुठे खरे आहे, कुठे खोटे, ते त्याच्याकडून ऐकून लिहून काढावे. या अभ्यासातले पुढचे उत्तम पुस्तक अशाच एखाद्या घरातून येईल, असा माझा विश्वास आहे.

भंडारदरा, ता. अकोले