गुडघ्यातील क्रुशिएट अस्थिबंधांचा जन्मजात अभाव

गुडघ्यातील क्रुशिएट अस्थिबंधांचा जन्मजात अभाव हा सांध्याच्या रचनेतील एक दुर्मीळ दोष आहे. यात गुडघ्याच्या आतील एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन अस्थिबंधांपैकी, म्हणजेच लिगामेंटांपैकी, पुढचा किंवा दोन्ही गर्भावस्थेतच तयार होत नाहीत अथवा खुरटलेले राहतात. एक लाख जन्मांमागे त्याचे प्रमाण सुमारे १.७ मानले जाते. क्ष-किरण चित्रांच्या आधारे या दोषाचे वर्णन १९५६ साली जॉर्जी यांनी केले. अस्थिबंध दुखापतीने तुटणे आणि तो जन्मतःच नसणे या भिन्न अवस्था असून त्यांच्या उपचारांचा विचारही वेगळा करावा लागतो.

कारणे व सहविकृती

क्रुशिएट अस्थिबंध गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास आकार घेतात. याच काळात पायाची हाडेही घडत असल्याने हा दोष बहुधा एकटा आढळत नाही. मांडीचे हाड जन्मतः आखूड असणे, पोटरीतील बारीक हाड नसणे किंवा गुडघा जन्मतः निखळलेला असणे या विकृती त्याच्यासोबत दिसतात.

निदान

अनेक मुले लहानपणी विनातक्रार चालतात, कारण स्नायू व सांध्याच्या बाजूचे बंध बराच भार सांभाळतात. वय व हालचाल वाढल्यावर उतार किंवा जिना उतरताना गुडघा दगा देतो. क्ष-किरण चित्रात मांडीच्या हाडाच्या टोकातील खाच अरुंद आणि नडगीच्या हाडाच्या माथ्यावरील उंचवटे बसके दिसतात. दुखापतीचा इतिहास नसताना अशी चिन्हे आढळल्यास हा दोष जन्मजात असल्याचे सूचित होते. एमआरआयमुळे निदान पक्के होते.

मॅनर व सहकाऱ्यांनी २००६ साली याचे तीन प्रकार केले. पहिल्यात पुढचा बंध खुरटलेला किंवा अनुपस्थित, पण मागचा प्राकृत असतो. दुसऱ्यात पुढचा नसतो व मागचा खुरटलेला असतो. तिसऱ्यात दोन्ही नसतात.

उपचार

केवळ चित्रात बंध दिसत नाही म्हणून शस्त्रक्रिया केली जात नाही. गुडघ्याची अस्थिरता हाच निर्णायक निकष असतो. सौम्य अवस्थेत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, आधारपट्टा व नियमित तपासणी यांवर भर दिला जातो.

गुडघा वारंवार सरकत असल्यास मांडीच्या मागील स्नायूची कंडरा घेऊन दुर्बिणीद्वारे नवा बंध तयार करतात. अरुंद खाचेत तो मावत नसल्याने आधी खाच रुंद करावी लागते. मुलांमध्ये गुडघ्याजवळील वाढपट्टीला इजा झाल्यास पाय वाकडा किंवा आखूड होण्याचा धोका असतो. म्हणून ती टाळणारी पद्धत वापरतात किंवा वाढ पूर्ण होईपर्यंत थांबतात.

आखूड पायाची लांबी वाढवताना हा दोष विशेष महत्त्वाचा ठरतो. इलिझारोव्ह पद्धतीने मांडीचे हाड लांबवताना ताणलेले स्नायू नडगीला मागे खेचतात. तिला अडवणारे बंध नसल्यास गुडघा निखळू शकतो. त्यामुळे बाह्य चौकट गुडघ्याखालपर्यंत वाढवतात किंवा आधी बंधांची पुनर्रचना करतात. प्रौढपणी झीज होऊन सांधा बदलावा लागल्यास बंधांचे कार्य स्वतः करणारा कृत्रिम सांधा निवडावा लागतो.

पुण्यातील सुविधा

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय (१८६७) आणि डॉ. कांतीलाल संचेती यांनी १९६५ साली स्थापन केलेले संचेती रुग्णालय येथे अस्थिरोगांवर उपचार होतात. संचेती यांनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पाय वाचवणे शक्य नसलेल्या तीव्र विकृतींत कृत्रिम पाय हा पर्याय असतो. मुळात सैनिकांसाठी सुरू झालेले पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या जन्मजात दोषांची तपासणी होते. आखूड पाय तेथे लक्षात आल्यास गुडघ्याचीही तपासणी वेळेवर होऊ शकते.