फक्त पोलादाचे ऐकणारा कान

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवली, कुठल्याही उपनगरातली गणपतीची मिरवणूक घ्या. ढोल-ताशांच्या कल्लोळातही एखाद्या कोळीगीताची चाल स्पष्ट ऐकू येते. ती वाजवणारे वाद्य म्हणजे बेंजो. लाकडी पेटीवर ताणलेल्या पोलादी तारा आणि त्या दाबण्यासाठी टाइपरायटरसारखी बटणे, एवढीच त्याची रचना. तारांचा मूळ आवाज इतका नाजूक, की शेजारच्या खोलीतही धड पोचू नये. मग तो ढोलाला पुरा कसा पडतो?

ध्वनिवर्धकामुळे, हे उत्तर अपुरे आहे. पेटीपुढे साधा मायक्रोफोन ठेवला तर त्यात तारेच्या आधी ढोलच शिरेल. शिवाय कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून कर्कश शिट्टी घुमू लागेल. खरे उत्तर तारांखाली बसवलेल्या एका लहानशा पट्टीत आहे. तिला पिकअप म्हणतात.

पिकअपचे तत्त्व आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. तारेच्या वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची संख्या बदलली, की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवले. पण हे तत्त्व गिटारपर्यंत पोचायला शंभर वर्षे लागली. अमेरिकेत तेव्हा हवाईयन गिटार लोकप्रिय होती. मात्र वाद्यवृंदातल्या ड्रम आणि ट्रंपेटपुढे ती ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिसचे जॉर्ज बीचम स्वतः ही गिटार वाजवत. त्यांनी १९३१ साली तारांभोवती नालाच्या आकाराचे दोन चुंबक ठेवले आणि तारांखाली तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले. हे वेटोळे त्यांनी धुलाईयंत्राच्या मोटरीवर गुंडाळले, असे सांगतात. गोल बूड आणि लांब दांडा असलेल्या या गिटारला 'फ्राइंग पॅन' हे टोपणनाव पडले. १९३२ पासून ती विकली जाऊ लागली आणि १९३७ साली तिला पेटंट मिळाले. विजेवरच्या गिटारचा इतिहास असा घरगुती खटपटीतून सुरू झाला.

यातली युक्ती नीट पाहू. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतःही चुंबकित होते. ती कंप पावू लागली की वेटोळ्यातल्या बलरेषा त्याच तालात कमीजास्त होतात आणि तितक्याच वारंवारतेचा विद्युतदाब निर्माण होतो. या साखळीत हवेला कुठेच स्थान नाही. म्हणून ढोलाचा आवाज पिकअपला जवळपास ऐकूच येत नाही. तो फक्त पोलादाचे ऐकतो. नायलॉनची किंवा पितळेची तार त्याच्यापुढे कितीही छेडली तरी तो बहिराच राहतो.

हवाईयन गिटारवर पट्टी सरकवून मींड काढता येते, त्यामुळे ती आपल्याकडे सहज रुजली. लखनौचे व्हॅन शिप्ली मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन आणि गिटार वाजवत. त्यांनी स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची विजेवरची गिटार तयार करवली, आणि तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी पोचल्या. बेंजोचे मूळ जपानात आहे. मोरिता गोरो यांनी १९१२ साली नागोया येथे ताइशोगोतो हे वाद्य बनवले. ते भारतात आले आणि बुलबुल तरंग झाले. पुढे त्यालाच पिकअप बसला आणि मुंबईच्या रस्त्यांवर ते बेंजो म्हणून गाजू लागले.

पिकअप घरी बनवायचा तर निवड कसली करायची? मुख्यतः वेढ्यांची. गिटारच्या साध्या पिकअपमध्ये केसापेक्षाही बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात, आणि त्यांचा रोध सुमारे सहा हजार ओहम भरतो. वेढे वाढवले की आवाज वाढतो. पण त्याबरोबर स्वयंप्रवर्तनही वाढते आणि वरच्या स्वरांची धार बोथट होते. आवाज वाढवायचा की धार राखायची, हा निर्णय बनवणाऱ्याने आपल्या कानाने घ्यायचा असतो.

दुसरी अडचण गुणगुणीची. हे वेटोळे ट्यूबलाइटच्या चोकचे आणि ट्रान्सफॉर्मरचे बदलते चुंबकीय क्षेत्रही टिपते. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ५० आणि तिच्या पटीतल्या वारंवारतांची घरघर ऐकू येते. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर सुंदर तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली. दुसऱ्याची चुंबकाची दिशाही उलटी केली आणि जोडणीही उलटी केली. बाहेरून आलेली गुणगुण चुंबकावर अवलंबून नसते. उलट्या जोडणीमुळे ती एकमेकींना खोडते. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो, आणि त्याची बेरीज होते. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात कोणते मिळेल?

प्रयोग सोपा आहे. जुन्या काळ्या टेलिफोनच्या कानाला लावायच्या भागात चुंबक आणि वेटोळे तयारच असते. त्यावरची लोखंडी चकती काढा. त्याच्या दोन तारा बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या माइकच्या जागी जोडा. (घरातल्या विजेवर चालणारे उपकरण मुळीच उघडू नका.) फळीवर सतारीची पोलादी तार, पितळेची तार आणि मासे पकडण्याची नायलॉनची दोरी शेजारी-शेजारी ताणा. चुंबक प्रत्येकीजवळ धरून ती छेडा. कोणती बोलेल, याचा अंदाज मुलांना आधी वहीत लिहू द्या.

आणि एक काम प्रयोगानंतरचे. बीचम आणि लव्हर यांची नावे पेटंटांच्या कागदांत टिकली. बेंजोच्या पेटीत पिकअप बसवणाऱ्या, वेढे मोजणाऱ्या आणि गुणगुण घालवणाऱ्या आपल्या कारागिरांची नोंद मात्र पाठ्यपुस्तकात नाही. तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलाचे वडील, काका किंवा आजोबा बेंजो पथकात असू शकतील. पिकअप कोणी बनवला, तार कुठून आणली, बिघडला तर काय करतात, हे मुलांनी त्यांना विचारून लिहून काढावे. तो विज्ञानाचा गृहपाठ होईल आणि इतिहासाचाही.