घडीची पायरी : सुटसुटीतपणा आणि स्थैर्य यांच्या मेळाचा इतिहास

प्रस्तावना

घरातील माळ्यावरचा डबा काढण्यासाठी किंवा ग्रंथालयातील वरच्या फळीवरचे पुस्तक घेण्यासाठी वापरली जाणारी घडीची पायरी ही वस्तू इतकी साधी आहे की तिच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. सिंहासने, पलंग आणि राजदरबारातील आसने यांच्यावर भरपूर लेखन झाले; एक-दोन पायऱ्यांच्या घडीच्या स्टुलाला मात्र सामानाच्या यादीपलीकडे स्थान मिळाले नाही. या वस्तूवर माणूस आपले संपूर्ण वजन टाकून, दोन्ही हात वर करून, बहुधा खाली न पाहता उभा राहतो. तिच्या रचनेत चूक राहिली तर तिची किंमत हाडांनी मोजावी लागते.

या वस्तूकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. काम संपल्यावर ती मिटून भिंतीला टेकली पाहिजे आणि काम चालू असताना ती मुळीच मिटता कामा नये. प्रस्तुत लेखात या विरोधाची उकल वेगवेगळ्या काळांत कशी होत गेली याचा मागोवा घेतला आहे. घडीच्या पायरीचा इतिहास हा प्रामुख्याने मिटण्याच्या युक्तीचा नसून न मिटण्याच्या युक्तीचा इतिहास आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्राचीन घडीचे आसन

घडीच्या आसनाची कल्पना फार प्राचीन आहे. दोन चौकटी फुलीसारख्या एकमेकींत गुंतवायच्या, त्या जेथे छेदतात तेथे खीळ बसवायची आणि वरच्या दोन दांड्यांमध्ये कातडे ताणायचे, ही रचना प्राचीन इजिप्तमध्ये रूढ होती. डेन्मार्कमधील गुल्डहोय येथील दफनटेकाडात १८९१ साली झालेल्या उत्खननात ॲश या झाडाच्या लाकडाचे असेच घडीचे आसन मिळाले. ते इ.स.पू. चौदाव्या शतकातील असून आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रोममध्ये कॉन्सल, प्रेटर अशा वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ‘सेला क्युरुलिस’ हे आसन याच घाटाचे होते. चीनमध्ये हान घराण्यातील सम्राट लिंग (कारकीर्द इ.स. १६८ ते १८९) यास परदेशी पद्धतीच्या घडीच्या आसनाची आवड होती, अशी नोंद त्या घराण्याच्या इतिहासात आहे.

ही रचना इतकी टिकली याचे कारण तिच्या यंत्रशास्त्रात आहे. माणूस बसला की फुलीचे पाय फाकू पाहतात. पाय फाकले की वरच्या दांड्याही एकमेकींपासून दूर जाऊ लागतात. परंतु त्या दांड्यांना कातड्याने धरून ठेवलेले असते. वजन जितके अधिक तितका कातड्याला ताण अधिक आणि आसन तितके पक्के. ज्या वजनामुळे आसन कोसळण्याची भीती, तेच वजन त्याला बांधून ठेवते. वेगळी कडी लागत नाही की अटकण लागत नाही.

या उकलीची मर्यादाही तेवढीच स्पष्ट होती. ताणलेल्या कातड्यावर बसता येते, उभे राहता येत नाही. उभ्या माणसाचा सगळा भार दोन तळव्यांवर येतो. कातडे त्यांच्याखाली खोल जाते आणि तोल जातो. उभे राहण्यासाठी कठीण फळी हवी आणि फळी मिटत नाही. हा पेच तुतनखामेनच्या थडग्यातील एका आसनात अप्रत्यक्षपणे दिसतो. हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ साली शोधलेल्या या थडग्यात घडीच्या आसनाचा घाट असलेले, बदकाच्या डोक्यासारखी पायांची टोके असलेले एक आसन आहे. त्याची बैठक कातड्याचा आभास निर्माण करणारी, पण लाकडी आहे. त्यामुळे ते आसन मिटतच नाही. बैठक कठीण झाली आणि घडी केवळ शोभेपुरती उरली.

ग्रंथालयातील पायऱ्या

उभे राहण्याच्या घडीच्या साधनाची गरज अठराव्या शतकातील युरोपात एका विशिष्ट कारणाने वाढली. श्रीमंतांच्या घरी खासगी ग्रंथसंग्रह वाढले, कपाटे छताला भिडू लागली आणि वरच्या फळ्या हाताबाहेर गेल्या. पायऱ्या तर हव्यात, पण दिवाणखान्याजोग्या खोलीत शिडी उभी दिसता कामा नये, अशी ही गरज होती. लंडनचे रॉबर्ट कॅम्पबेल यांनी १७७४ साली टेबलासारख्या सामानात लपणाऱ्या ग्रंथालयीन पायऱ्यांचे पेटंट घेतले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे बैठक उलटली की पायऱ्या होणारी खुर्ची होती. ती फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत जतन केलेली आहे. त्याच फ्रँकलिन यांनी १७८६ साली उंच फळीवरचे पुस्तक जमिनीवर उभे राहूनच काढता यावे म्हणून लांब काठीच्या चिमट्याचे वर्णन लिहून ठेवले. वर चढणे आणि वरची वस्तू खाली आणणे हे दोन्ही मार्ग एकाच माणसाने चोखाळावेत, ही बाब लक्षणीय आहे.

लंडनच्या मॉर्गन अँड सँडर्स या कारखान्याची ‘पेटंट मेटामॉर्फिक लायब्ररी चेअर’ १८११ साली रुडॉल्फ ॲकरमन यांच्या ‘रिपॉझिटरी ऑफ आर्ट्स’ या नियतकालिकात सचित्र प्रसिद्ध झाली. या हाताच्या खुर्चीचा मागचा भाग बिजागऱ्यांवर पुढे उलटविला की चार पायऱ्या तयार होत. उलटलेले दोन्ही भाग एकमेकांना टेकत आणि वर चढणाऱ्याचे वजन त्यांना अधिकच घट्ट मिटवी. कातड्याच्या आसनातील तत्त्व येथे कठीण लाकडात उतरले. मात्र ही सोय एका जड खुर्चीच्या किमतीत आणि वजनात मिळत होती. ती एका जागी राहणारी वस्तू होती; खोलीखोलीतून नेण्याची नव्हती.

घडीची शिडी आणि तिचा बांध

सामान्य घरासाठी वेगळी वाट शोधावी लागली. ओहायो राज्यातील डेटन येथील सुतार जॉन बाल्सली यांनी १८६२ साली घडीच्या शिडीचे अमेरिकन पेटंट घेतले. गोल दांड्यांऐवजी सपाट पायऱ्या आणि मिटणारा मागचा आधार हे तिचे विशेष होत. मराठी कारागीर जिला ‘घोडा’ म्हणतात त्या शिडीचा हा घाट. तीत वजन पायांना सतत बाहेर ढकलत असते. प्रत्येक पाय उभ्या रेषेपासून १५ अंश कललेला असेल आणि वर ६० किलो वजनाची व्यक्ती असेल, तर प्रत्येक बाजूस सुमारे ८ किलोचा रेटा जमिनीलगत बाहेरच्या दिशेने पडतो. फरशी ओली असली तर केवळ घर्षणाच्या भरवशावर राहता येत नाही. दोन्ही पायांना जोडणारा बांध हवाच. तो बांध दोरीचा असो, साखळीचा असो वा लोखंडी पट्टीचा, शिडीची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. वापरणाऱ्याने पट्टी पुरती सरळ केली नाही, तर उघडी दिसणारी शिडी प्रत्यक्षात अर्धवट उघडलेली असते. वजनाने आपोआप पक्की होणारी रचना आणि माणसाने आठवणीने पक्की करावयाची रचना यांतील हा भेद घरगुती अपघातांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

आधुनिक रचनेतील उकल

विसाव्या शतकात पोलादी नळी, ॲल्युमिनियम आणि पुढे प्लास्टिक उपलब्ध झाल्याने घडीची पायरी हलकी झाली. परंतु हलकेपणाने स्थैर्याचा प्रश्न सुटला नाही. ६० किलो वजनाची, सुमारे १६० सेंटिमीटर उंचीची व्यक्ती ४५ सेंटिमीटर उंच पायरीवर उभी राहिली, तर तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १३५ सेंटिमीटरवर जातो. पायांमधील अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर त्या उंचीवर सुमारे ९ किलोचा आडवा रेटा तोल घालविण्यास पुरतो. अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर ७ किलोही पुरतात. बाजूला झुकून डबा ओढणारी व्यक्ती एवढा रेटा सहज निर्माण करते. म्हणून तळ रुंद हवा. आणि तळ रुंद केला की मिटलेली वस्तू मोठी होते. शिवाय प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असतेच आणि सांधे जितके अधिक तितका हा डळमळीतपणा वाढत जातो.

चांगल्या आधुनिक रचनांनी या अडचणीतून काढलेला मार्ग मुळात प्राचीन आहे. नळीच्या दोन चौकटींच्या पायरीत वरची फळी पुढच्या चौकटीला बिजागरीने जोडलेली असते आणि उघडल्यावर मागच्या चौकटीच्या आडव्या दांडीवर बसते. वर उभ्या राहिलेल्या माणसाचे वजन तिला जागेवर दाबून धरते. प्लास्टिकच्या घडीच्या स्टुलात बैठक मधोमध दुभंगते. मिटविण्यासाठी ती वर ओढावी लागते, तर वजन तिला खाली, म्हणजे अधिक उघडण्याच्या दिशेने दाबते. ग्रंथालयातील चाकांच्या गोल स्टुलात तर घडीच नाही. पाय पडताच स्प्रिंगवरची चाके आत जातात आणि तळाची कडा जमिनीला चिकटते. तिन्हींत तत्त्व एकच आहे: मिटण्याची दिशा आणि वजनाची दिशा परस्परविरुद्ध असावी. युरोपात २००३ साली पायरीच्या स्टुलांसाठी स्वतंत्र मानक आले. १ मीटरपर्यंतची उंची आणि १५० किलोपर्यंतचा भार ही त्याची व्याप्ती. या साध्या वस्तूची शिडीहून वेगळी तपासणी आवश्यक आहे, ही गोष्ट त्यामुळे मान्य झाली.

उंचीचा प्रश्न : रंगनाथन आणि माळा

पायरी कशी असावी या प्रश्नाआधी एक प्रश्न उरतोच. वस्तू इतक्या उंचावर असाव्यात का? ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’ या ग्रंथात त्याचे उत्तर दिले. पुस्तके जपण्यासाठी आहेत असे मानले जात होते, तोवर कपाटे छतापर्यंत नेणे स्वाभाविक होते. पुस्तके वापरण्यासाठी आहेत, हे एकदा मान्य केले की सर्वसाधारण उंचीच्या व्यक्तीला जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल एवढीच फळीची उंची असावी, हे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या प्रश्नावर लंडनच्या कारागिरांनी बिजागऱ्यांनी मात केली, तो रंगनाथन यांनी फळी खाली आणून मुळातच मिटविला.

घराच्या बाबतीत मात्र ही वाट सहज मोकळी होत नाही. जुन्या मराठी घरात फडताळ, कोनाडा, मांडणी आणि शिंके या रोजच्या साठवणीच्या जागा बहुतांशी हाताच्या टप्प्यात होत्या. मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकांत जमिनीवरची जागा अपुरी पडू लागली तशी साठवण वर सरकली. स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या वरचा माळा हा घराचा अनिवार्य भाग झाला. त्या माळ्यापर्यंत पोहोचण्याचे साधन मात्र घराच्या नकाशात नसते. खुर्ची, पाट घातलेले स्टूल किंवा उलटा डबा यांवर चढण्याचा प्रसंग बहुधा घरातील स्त्रियांवर आणि घरकाम करणाऱ्यांवर येतो. खोली छोटी म्हणून पायरी मिटणारी हवी, आणि चढणारी व्यक्ती एकटी असते म्हणून ती आपोआप पक्की होणारी हवी. प्राचीन काळापासून चालत आलेला हा पेच आजच्या स्वयंपाकघरात असा रोजच्या व्यवहारात उतरलेला दिसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. घडी घालण्याची युक्ती मानवाला सुमारे चार हजार वर्षांपासून अवगत आहे. घडीवर निर्धास्त उभे राहण्याची युक्ती त्यामानाने अलीकडची आहे. ज्या रचनांत वापरणाऱ्याचे वजनच बांध घट्ट करते त्या विश्वसनीय ठरल्या. ज्या रचनांत बांध लावण्याची जबाबदारी वापरणाऱ्याच्या आठवणीवर सोडली गेली त्यांत धोका शिल्लक राहिला. म्हणून घडीच्या पायरीची पारख करताना ती मिटल्यावर किती लहान होते, हा प्रश्न दुय्यम मानावा. पाय ठेवताक्षणी ती कोणत्या दिशेने हलू पाहते, उघडण्याच्या की मिटण्याच्या, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. आणि जेथे शक्य असेल तेथे, रंगनाथन यांनी दाखविल्याप्रमाणे, पायरीचा विचार करण्यापूर्वी फळीच्या उंचीचा विचार व्हावा.